धक्क्यावरचं पाणीपातळी यंत्र: लिनक्स ड्रायव्हरचा युजरस्पेस (म्हणजे साध्या प्रोग्रॅमना दिसणारा) इंटरफेस पुन्हा बदलावा लागू नये असा कसा ठरवायचा?

खाडीमुख (प्रश्न)

आमचा रत्नागिरीतला छोटा गट बंदराच्या धक्क्यांवर बसवायची पाणीपातळीची यंत्रं बनवतो. हर्णेपासून मालवणपर्यंत काही ठिकाणी ती चालू आहेत. आत एडी७१२४-४ हा २४ बिटांचा एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारी चिप) एसपीआय या तारजोडणीवर आहे. त्याला ४-२० मिलिअँपिअरचा प्रेशर सेन्सर (०-१० मीटर, १०० ओहमच्या शंटवर, म्हणजे करंट मोजायच्या रोधावर), कंडक्टिव्हिटीचा प्रोब आणि तापमान जोडलंय. ड्रायव्हर आमचाच, मेनलाइनच्या (लिनक्सच्या अधिकृत कर्नलच्या) बाहेरचा. त्याला एक कॅरेक्टर डिव्हाइस (फाइलसारखं उघडता येणारं) आणि एकच आयऑक्टल (त्या फाइलवरून ड्रायव्हरला हुकूम द्यायचा कॉल). त्या आयऑक्टलचा स्ट्रक्ट (सोबत जाणाऱ्या फील्डची मांडणी) असा, क्रमाने:

लाँग – वेळ, सेकंदात
इंट – चॅनेल
अनसाइन्ड लाँग – फ्लॅग
व्हॉइड पॉइंटर – बफर

पूर्वी कर्नल ३२ बिटांचा होता. आता नव्या इमेजमध्ये ६४ बिटांचा एआरएम कर्नल टाकलाय, पण लॉगरचा प्रोग्रॅम जुना ३२ बिटांचाच आहे. नव्या कर्नलवर त्याला प्रत्येक कॉलला ई-नॉट-टीटीवाय (‘हा कॉल ओळखीचा नाही’ ही एरर) मिळतं.

शिवाय नव्या बोर्डात एडी७१२४-८ आहे, म्हणजे चॅनेल दुप्पट. लाटा मोजायला बर्स्ट मोड (थोडा वेळ जलद, सलग सँपल) हवाय. प्रोबवर शेवाळ आणि कालवं धरतात म्हणून पुसायचा ब्रश दिलाय. ब्रशची मोटर आणि कॅलिब्रेशनचा तक्ता (जास्तीत जास्त ६४ ओळी) बोर्डावरच्या छोट्या मायक्रोकंट्रोलरकडे आहेत, तो आय२सी या दोन तारांच्या जोडणीवर बोलतो.

खरी अडचण अपडेटची. प्रोग्रॅम नेटवरून जातो, पण कर्नलची इमेज बदलायला माणसाला कार्ड घेऊन धक्क्यावर जावं लागतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, पाऊस असतो, होडी मिळत नाही. त्यामुळे काही ठिकाणी जुना कर्नल आणि नवा प्रोग्रॅम, तर काही ठिकाणी नेमकं उलटं, असं महिनोन्‌महिने राहणार. दोन्ही जोड्या चालायलाच हव्यात.

विचारायचंय ते हे: सिसएफएस (कर्नलची मूल्यं छोट्या फाइलींत दाखवणारी सोय) घ्यावं की आयऑक्टल? स्ट्रक्टमध्ये आवृत्तीचा आकडा ठेवावा का? आणि बसवलेल्या जुन्या प्रोग्रॅमचं काय करायचं?

---

कातळकडा

आधी ई-नॉट-टीटीवायचं कारण बघा, कारण पुढचे बरेच नियम त्यातूनच निघतात.

३२ बिटांच्या एआरएमवर लाँग ४ बाइट, इंट ४, अनसाइन्ड लाँग ४, पॉइंटर ४. एकूण १६ बाइट. ६४ बिटांवर लाँग ० ते ७ या बाइटांत बसतो, इंट ८ ते ११ मध्ये, मग १२ ते १५ हे चार बाइट रिकामं पॅडिंग, फ्लॅग १६ पासून, पॉइंटर २४ पासून. एकूण ३२ बाइट. आता आयऑक्टलचा आकडा कसा बनतो ते पाहा. तळाचे ८ बिट अनुक्रम, त्यावरचे ८ बिट ड्रायव्हरचं अक्षर, त्यावरचे १४ बिट स्ट्रक्टचा आकार आणि सगळ्यात वरचे २ बिट दिशा. म्हणजे तुमच्या जुन्या प्रोग्रॅमने पाठवलेल्या आकड्याच्या मधल्या भागात १६ आहे आणि कर्नल शोधतोय ३२. कर्नलच्या लेखी ही दोन वेगळी कामं आहेत. म्हणून त्याने सरळ ‘हे काम मला माहीत नाही’ असं सांगितलं (ड्रायव्हरमध्ये कॉम्पॅट-आयऑक्टल फंक्शनच नसेल, तर आकार बघायच्या आधीच हे उत्तर मिळतं). तेही बरंच झालं. आकार योगायोगाने जुळला असता तर चॅनेलच्या जागी फ्लॅग वाचला गेला असता, आणि चुकीच्या नोंदी कुणाच्या लक्षातही न येता साठत गेल्या असत्या.

तूर्तास उपाय असा. जुना आकडा आणि जुना स्ट्रक्ट यांना हात लावू नका. ड्रायव्हरमध्ये कॉम्पॅट-आयऑक्टल हे वेगळं फंक्शन (३२ बिटांच्या प्रोग्रॅमचे कॉल घेणारं) लिहा. त्यात जुन्या १६ बाइटांच्या मांडणीचा स्ट्रक्ट कॉम्पॅट-लाँग आणि कॉम्पॅट-यूपीटीआर हे टाइप वापरून जाहीर करा आणि पॉइंटर कॉम्पॅट-पीटीआरने बदलून घ्या. ६४ बिटांची वाट आणि ३२ बिटांची वाट दोन्ही आतल्या एकाच स्ट्रक्टमध्ये उतरवा आणि पुढचं काम एकाच फंक्शनने करू द्या. कॉम्पॅट-पीटीआर-आयऑक्टल नावाचं तयार फंक्शन कर्नल ५.५ पासून आहे, पण ते फक्त पॉइंटर सरळ करतं. दोन्हीकडे मांडणी तंतोतंत सारखी असेल तेव्हाच ते चालतं. तुमच्या जुन्या स्ट्रक्टला ते चालणार नाही, नव्याला चालेल, अर्थात नवा नीट आखलात तर.

जुन्या स्ट्रक्टमधला सेकंदांचा ३२ बिटांचा लाँग १९ जानेवारी २०३८ ला संपतो. तो दुरुस्त करत बसू नका, नव्या वाटेवर ६४ बिटांत नॅनोसेकंद घ्या आणि जुनी वाट आहे तशी राहू द्या.

---

सुरूबन

वरचं सगळं पटलं. पण माझ्या मते नवा आयऑक्टल आखायच्या आधी एक प्रश्न विचारायला हवा: मोजमापाच्या कामाला स्वतःचा इंटरफेस लागतो तरी का?

एडी७१२४ चा ड्रायव्हर मेनलाइनमध्ये आयआयओ (सेन्सर आणि एडीसींसाठीच्या) सबसिस्टीममध्ये आहे आणि -४ व -८ दोन्ही चिप तो ओळखतो. डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावर काय जोडलंय ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) नाव बदलून जादा चॅनेल लिहिले की चॅनेलची संख्या बदलते, इंटरफेस बदलत नाही. तुमची ‘४ ऐवजी ८’ ही अडचण तिथेच मिटते. शंटसाठी आयआयओमध्ये रीस्केल नावाचा ड्रायव्हर आहे. डिव्हाइस ट्रीमध्ये ‘करंट-सेन्स-शंट’ म्हणून १०० ओहम लिहिलेत की व्होल्टऐवजी थेट करंटचा चॅनेल मिळतो. कच्चा आकडा आणि स्केल यांचा गुणाकार केला की उत्तर मिलिअँपिअरमध्ये. ही एककं सबसिस्टीमने ठरवून दिलेली आहेत: व्होल्टेज मिलिव्होल्टमध्ये, तापमान अंशाच्या हजाराव्या भागात, दाब किलोपास्कलमध्ये, कंडक्टिव्हिटी सीमेन्स प्रति मीटरमध्ये. स्वतःचा इंटरफेस केलात की एकक तुम्ही ठरवणार, दोन वर्षांनी गटातला दुसरा माणूस वेगळं समजणार, आणि भांडण कर्नलच्या हेडर फाइलमध्ये लढलं जाणार.

बर्स्ट मोडलाही आयऑक्टल नको. आयआयओचा बफर आहे: हवे ते चॅनेल चालू करा, लांबी द्या, वॉटरमार्क (किती नोंदी साठल्या की जागं करायचं) द्या, सँपलिंगचा दर लिहा, बफर चालू करा आणि डिव्हाइस फाइलवर पोल करून (डेटा येईपर्यंत थांबून) वाचत बसा. इथे एक गोष्ट हमखास चुकते. बफरमधल्या एका नोंदीची मांडणी प्रोग्रॅममध्ये पक्की लिहून ठेवू नका. तीन चॅनेल प्रत्येकी ४ बाइट असतील तर १२ बाइट होतात, पण टाइमस्टँप ८ च्या पटीतच बसतो, म्हणून तो १६ व्या बाइटपासून सुरू होतो आणि नोंद २४ बाइटांची होते. आठही चॅनेल चालू केलेत तर टाइमस्टँप ३२ व्या बाइटला आणि नोंद ४० ची. प्रत्येक चॅनेलची टाइप आणि इंडेक्स ही फाइल असते, ती वाचून जागा ठरवायची. लिबआयआयओ ही लायब्ररी हेच करते, ती वापरलीत तर उत्तमच.

आता एक गोष्ट जरा सविस्तर लिहितो, कारण कोकणातल्या खाड्यांसाठी ती फारच महत्त्वाची आहे.

अशा यंत्राच्या ड्रायव्हरने ‘पाण्याची खोली, मिलिमीटरमध्ये’ असा आकडा द्यावा असा मोह होतो. वापरणाऱ्याला तेच हवं असतं ना! पण सेन्सर मोजतो दाब. दाबावरून खोली काढायला घनता लागते. समुद्राच्या पाण्याची घनता घनमीटरला साधारण १०२५ किलो, गोड्या पाण्याची १०००. फरक अडीच टक्क्यांचा. सेन्सरवर ४ मीटर पाणी असेल तर हा फरक १० सेंटिमीटर होतो. मे महिन्यात खाडीच्या मुखाशी कंडक्टिव्हिटी ५ सीमेन्स प्रति मीटरच्या आसपास असते. जुलैत नदीचं पाणी उतरलं की ओहोटीला ती कितीतरी खाली येते आणि भरतीला पुन्हा चढते. म्हणजे घनता दिवसातून दोनदा बदलणार. शिवाय सेन्सरच्या केबलमध्ये हवेची नळी नसेल तर हवेच्या दाबातला १ हेक्टोपास्कलचा फरकही सुमारे १ सेंटिमीटर पाण्याएवढा दिसतो, आणि वादळाच्या दिवसांत तोच आकडा सगळ्यात महत्त्वाचा.

हे सगळं गणित कर्नलमध्ये घातलंत तर तुम्ही एक सूत्र कायमचं गोठवलंत. पुढे सूत्र सुधारलं की त्याच फाइलमधून वेगळा आकडा येऊ लागेल, जुन्या नोंदींशी तुलना तुटेल, आणि कुणाचा तरी भरतीच्या इशाऱ्याचा उंबरठा चुकेल. फाइलचं नाव तेच, टाइप तोच, पण अर्थ बदलला, तर तोही इंटरफेस मोडणंच आहे. म्हणून ड्रायव्हरने करंट द्यावा, कंडक्टिव्हिटीचा सिग्नल द्यावा, तापमान द्यावं आणि थांबावं. खोली प्रोग्रॅमने काढावी. ती चुकली तर कच्च्या नोंदींवरून पुन्हा काढता येते.

तसंच करंट ४ मिलिअँपिअरच्या बराच खाली गेला म्हणजे तार तुटली, हा निर्णयही प्रोग्रॅमचा. ड्रायव्हरने तो ओळखून शून्य दिलं की ‘खरंच शून्य’ आणि ‘तार तुटली’ हा फरक कायमचा गेला.

---

बंदरवाट

थोडं वेगळं मत. नुसती भरती-ओहोटी नोंदवायची असेल आणि बर्स्ट मोड नसेल, तर कर्नलमध्ये काहीच लिहू नये. एसपीआयडेव्ह (एसपीआय थेट प्रोग्रॅमला देणारा तयार ड्रायव्हर) वापरून एडीसी थेट प्रोग्रॅममधून वाचता येतो. इंटरफेस मग एसपीआयडेव्हचा, तो टिकवण्याची जबाबदारी आधीच दुसऱ्यांनी घेतलेली आहे. भरतीची पातळी इतकी सावकाश बदलते की सेकंदाला एक सँपल पुरून उरतं.

तुमच्या बाबतीत मात्र ते जमणार नाही, याची कारणं दोन. लाटांच्या बर्स्टला सँपलमधलं अंतर सारखं हवं आणि एसपीआयडेव्हला इंटरप्टची (‘सँपल तयार’ असं चिपने कळवण्याची) सोय नाही, वेळ प्रोग्रॅमच्या शेड्युलिंगवर हलत राहील. दुसरं म्हणजे लॉगर आणि बर्स्ट हे दोन वेगळे प्रोग्रॅम एकाच चिपचे रजिस्टर बदलू लागले की कोण कुणाचं पुसतंय हे कळत नाही. तो मध्यस्थ कर्नलच असावा. म्हणून आयआयओच बरोबर.

---

खाडीमुख

मोजमाप आयआयओवर नेतो, हे ठरलं. मग आमच्या स्वतःच्या ड्रायव्हरकडे फक्त ब्रश आणि कॅलिब्रेशनचा तक्ता उरतो. तक्ता एकसंध जायला हवा. अर्धा जुना, अर्धा नवा असं एक क्षणही नको. सिसएफएसच्या बायनरी फाइलमधून लिहिला तर तुकड्यातुकड्यांनी जाऊ शकतो, म्हणून इथे आयऑक्टल लागेलच असं वाटतं. त्याला आवृत्तीचा आकडा ठेवू का?

---

कातळकडा

आवृत्तीचा आकडा ठेवू नका. ठेवलात की प्रोग्रॅममध्ये ‘आवृत्ती ३ असेल तर हे, ४ असेल तर ते’ अशी उतरंड सुरू होते. त्यात एखादी सोय जुन्या कर्नलवर मागे नेली, म्हणजे आवृत्ती ४ मधलं एक आहे आणि दुसरं नाही असं झालं, की आकडा खोटा ठरतो. केव्हीएमचं (कर्नलमधल्या व्हर्च्युअल मशीनच्या सोयीचं) उदाहरण बोलकं आहे. त्यांचा एपीआय आवृत्तीचा कॉल २.६.२२ पासून १२ हाच आकडा देत आलाय आणि तो बदलायचा नाही असं त्यांच्या दस्तऐवजात लिहिलंय. नवी सोय आहे की नाही हे दुसऱ्या कॉलने एकेक सोय विचारून कळतं.

त्याऐवजी आकार पाठवा. तुमच्या तक्त्यासाठी मी अशी मांडणी करीन (डावीकडे बाइटची जागा; यू३२, यू६४ म्हणजे ३२ आणि ६४ बिटांचे बिनचिन्ही पूर्णांक):

० – यू३२ – आकार (प्रोग्रॅमच्या समजुतीतला स्ट्रक्टचा आकार)
४ – यू३२ – फ्लॅग
८ – यू६४ – तक्त्याचा पत्ता
१६ – यू३२ – ओळींची संख्या
२० – यू३२ – राखीव, शून्यच हवं

एकूण २४ बाइट, सगळीकडे सारखे. पॉइंटर थेट ठेवलेला नाही, यू६४ मध्ये पत्ता आहे. कर्नलमध्ये तो यू६४-टू-युजर-पीटीआरने उघडायचा. लाँग कुठेच नाही. यू६४ च्या आधी बरोबर ८ बाइट आहेत, म्हणजे लपलेलं पॅडिंग नाही. शेवटचं राखीव फील्ड मुद्दाम आहे, एकूण आकार ८ च्या पटीत आणण्यासाठी. ३२ बिटांच्या एआरएमवर यू६४ ८ च्या पटीत बसतो, पण ३२ बिटांच्या एक्स८६ वर तो ४ च्या पटीतही चालतो. म्हणून ‘आमच्याकडे एआरएमच आहे’ असं म्हणून हा नियम सोडू नका.

हे सोडल्यामुळे काय होतं त्याचं ठळक उदाहरण जीपीआयओचं (चालू-बंद होणाऱ्या साध्या पिनांचं) आहे. ४.८ मध्ये आलेल्या पहिल्या इंटरफेसमध्ये इव्हेंटचा स्ट्रक्ट म्हणजे एक यू६४ टाइमस्टँप आणि एक यू३२ ओळख. ३२ बिटांच्या एक्स८६ वर तो १२ बाइट, ६४ वर १६. वाढीला जागाही ठेवलेली नव्हती. टाइमस्टँपचं घड्याळ आधी रिअलटाइम (भिंतीवरच्या घड्याळासारखं) होतं, ५.७ मध्ये ते मोनोटॉनिक (मागे न जाणारं, उडी न मारणारं) झालं. शेवटी ५.१० मध्ये पूर्ण दुसरी आवृत्ती आणावी लागली. तिच्यात इव्हेंट ४८ बाइटांचा आहे, त्यातले २४ बाइट निव्वळ राखीव, आणि अनुक्रमांक दिलाय, ज्यामुळे मधला इव्हेंट हरवला तर कळतं. पहिली आवृत्ती मात्र लगेच काढून टाकता आली नाही.

आता वाढ कशी होते ते बघा. कर्नलमध्ये कॉपी-स्ट्रक्ट-फ्रॉम-युजर हे फंक्शन ५.४ पासून आहे. उद्या तुम्ही २४ व्या बाइटला आणखी एक यू६४ जोडलात आणि स्ट्रक्ट ३२ चा झाला असं धरा.

जुना प्रोग्रॅम, नवा कर्नल: प्रोग्रॅम २४ सांगतो. फंक्शन २४ बाइट घेतं आणि उरलेले ८ शून्याने भरतं. म्हणून प्रत्येक नव्या फील्डमध्ये शून्याचा अर्थ ‘पूर्वी जसं चालायचं तसं’ असाच हवा. ‘० म्हणजे पहिला प्रोब’ असं केलंत की घात झाला.

नवा प्रोग्रॅम, जुना कर्नल: प्रोग्रॅम ३२ सांगतो, कर्नलला २४ माहीत. वरचे ८ बाइट शून्य असतील तर काम होतं, कारण प्रोग्रॅमने नवी सोय मागितलेलीच नाही. शून्य नसतील तर ई-टू-बिग. प्रोग्रॅमने ते पकडून जुन्या वाटेने जायचं.

तुम्हाला हव्या असलेल्या दोन्ही जोड्या इथेच सुटतात, एकही आवृत्तीचा आकडा न ठेवता.

फक्त आयऑक्टलच्या आकड्यात आकार शिरला तर पुन्हा तेच ई-नॉट-टीटीवाय. म्हणून आयओमयूएफडीने (कर्नलमधल्या दुसऱ्या एका इंटरफेसने) केलं तसं करा: आकड्यात आकार घालायचाच नाही, नुसतं अक्षर आणि अनुक्रम, आणि आकार स्ट्रक्टच्या पहिल्या फील्डमध्ये. त्यांच्या हेडर फाइलमध्ये कुठली एरर कशासाठी हेही लिहून ठेवलंय, ते जसंच्या तसं उचलण्यासारखं आहे. कॉलच माहीत नसेल तर ई-नॉट-टीटीवाय. स्ट्रक्ट जास्त लांब आणि वरचा भाग शून्य नसेल तर ई-टू-बिग. फील्ड ओळखीचं पण त्यातलं मूल्य या कर्नलला झेपत नाही तर ई-ऑप-नॉट-सप. सगळं समजलं पण मागणीच चुकीची असेल तर ई-इनव्हॅल. प्रोग्रॅमला यातून नेमकं कळतं की जुन्या वाटेने जायचं की लॉगमध्ये बोंब मारायची.

आणि हे विसरू नका: राखीव फील्ड आणि अनोळखी फ्लॅग पहिल्या दिवसापासून तपासा, शून्य नसेल तर परत पाठवा. ओपनअ‍ॅट या फाइल उघडायच्या सिस्टीम कॉलने अनोळखी फ्लॅग मुकाट्याने सोडून दिले. त्यामुळे लोकांचे प्रोग्रॅम त्या बिटांत काहीही कचरा पाठवत असू शकतात आणि तो बिट नंतर नव्या कामाला निर्धास्तपणे घेता येत नाही. ५.६ मध्ये ओपनअ‍ॅट२ आणलं तेव्हा अनोळखी फ्लॅगला ई-इनव्हॅल द्यायचं ठरलं. तपासलं नाही तर राखीव जागा ही राखीव नसतेच.

ओळींची संख्या ६४ पेक्षा जास्त असेल तर मेमरी मागायच्या आधीच परत पाठवा. संपूर्ण तक्ता मेमडप-युजरने कर्नलमध्ये आणा, तपासा, आणि मगच कुलूप (लॉक) घेऊन मायक्रोकंट्रोलरकडे धाडा. कुलूप धरून युजरस्पेसची मेमरी वाचू नका. मायक्रोकंट्रोलरमध्येही दोन जागा ठेवा: एकीत लिहायचं, चेकसम जुळला की मग दुसरीवरून तिच्यावर उडी. लिहिता लिहिता लाईट गेली तर जुना तक्ता शाबूत राहतो. कर्नलने कितीही काळजी घेतली तरी आय२सीवरून जाणारे बाइट एका झटक्यात जात नाहीत.

---

तांबडीमाती

ब्रशबद्दल. जीपीआयओची लाइन थेट युजरस्पेसमधून ओढण्याचा विचार कुणी केला असेल तर सोडून द्या. प्रोग्रॅम मेला आणि फाइल बंद झाली की लाइन कुठल्या स्थितीत राहील याची हमी नाही. मोटर चालूच राहिली तर ब्रश प्रोबची काच घासत बसेल. तुमच्याकडे मायक्रोकंट्रोलर आहे, मग वेळेची मर्यादा त्याच्यातच ठेवा.

इंटरफेस म्हणून सिसएफएसच्या दोन फाइल पुरे. एक लिहायची: १ लिहिलं की एक फेरी. दुसरी वाचायची, तीत स्थिती: ‘थांबलेला’, ‘चालू’, ‘अडकलेला’, इंग्रजी छोट्या शब्दांत, शेवटी नवी ओळ. एका फाइलमध्ये एकच मूल्य. ‘चालू, उरलेले सेकंद, मोटरचा करंट’ असं एका ओळीत कोंबू नका. कुणीतरी ते स्वल्पविरामावर तोडणार, आणि चौथं मूल्य जोडलं की त्याचा प्रोग्रॅम मोडणार. छापायला सिसएफएस-एमिट वापरा. स्थिती बदलली की सिसएफएस-नोटिफाय करा, म्हणजे प्रोग्रॅमला पोल करून थांबता येतं. लिहिण्याचा कॉल फेरी पूर्ण होईपर्यंत अडवून ठेवू नका.

या फाइल ड्रायव्हरच्या प्रोब फंक्शनमध्ये (डिव्हाइस सापडलं की चालणारं; पाण्यातला प्रोब नव्हे) नंतर हाताने जोडू नका, ड्रायव्हरच्या डेव्ह-ग्रुप्स या यादीत द्या. डिव्हाइस आल्याची सूचना यूडेव्हला (डिव्हाइस आल्यावर नियम लावणाऱ्या प्रोग्रॅमला) आधी आणि फाइल नंतर असं झालं तर बूटच्या वेळी यूडेव्हचा नियम कधी लागतो, कधी नाही. पावसाळ्यात लाईट येते-जाते तेव्हा यंत्र वारंवार बूट होतं. तेव्हा हा दोष अगदी विचित्र रीतीने दिसतो.

नोंदींच्या वेळेचंही इथेच सांगतो. आयआयओचं टाइमस्टँपचं घड्याळ मुळात रिअलटाइम असतं. यंत्रात बॅटरीचं घड्याळ नसेल तर बूटनंतर चुकीची वेळ, मग नेट आलं की एकदम उडी. बर्स्टच्या मधोमध ती उडी आली की लाटांचा काळ बिघडतो. करंट-टाइमस्टँप-क्लॉक या फाइलमध्ये मोनोटॉनिक लिहा आणि खरी वेळ प्रोग्रॅमने जोडावी.

आणि तुमच्या तक्त्याच्या कॅरेक्टर डिव्हाइससाठी: फाइल उघडी असताना ड्रायव्हर निघून जाऊ शकतो हे धरूनच लिहा. प्रोब फंक्शनमध्ये ड्रायव्हरच्या स्ट्रक्टची मेमरी डेव्हएम (आपोआप सुटणाऱ्या) वाटेने घेतलीत तर ती अनबाइंडबरोबर सुटते, पण उघडी फाइल त्याच पत्त्याकडे बघत असते. स्ट्रक्टचं आयुष्य डिव्हाइसच्या संदर्भ-मोजणीला बांधा, सीडेव्ह-डिव्हाइस-अ‍ॅडने नोंदवा, ‘गेला’ असा एक झेंडा ठेवा आणि त्यानंतरच्या प्रत्येक कॉलला ई-नो-डेव्ह द्या.

---

सुरूबन

तपासणीचं राहिलं.

हेडर फाइल युएपीआयच्या (युजरस्पेसला दिसणाऱ्या हेडरच्या) फोल्डरमध्ये वेगळी ठेवा, त्यात फक्त दोन अंडरस्कोअरचे यू३२, यू६४ असे टाइप. ती सी आणि सी++ दोन्हींत, ३२ आणि ६४ दोन्हींत एकटी कंपाइल व्हायला हवी. पाहोल हे साधन प्रत्येक फील्डची जागा आणि मधली भोकं दाखवतं. दोन्ही बिल्डचं आउटपुट शेजारी ठेवून एकही ओळ वेगळी नाही याची खात्री करा. कर्नलच्या स्क्रिप्ट्समध्ये चेक-युएपीआय आहे. ती अ‍ॅबीडिफ वापरून दोन कमिटमधला हेडरचा फरक सांगते.

जो स्ट्रक्ट कर्नलकडून बाहेर जातो तो आधी मेमसेटने पूर्ण शून्य करा. पॅडिंगच्या भोकांतून कर्नल स्टॅकमधले बाइट बाहेर जाऊ शकतात.

बसवलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमची बायनरी जपून ठेवा. सोर्स असून भागत नाही, कारण नव्या हेडरवर पुन्हा कंपाइल केला की तो जुना राहत नाही. नवी इमेज बनली की क्यूईएमयू या इम्युलेटरमध्ये सगळ्या जुन्या बायनरी त्यावर चालवा आणि उलटंही करा. एक छोटा टेस्ट असाही लिहा: राखीव फील्डमध्ये सगळे बिट १ भरून पाठवा, ई-ऑप-नॉट-सप आलं पाहिजे. आकार २३ पाठवा, आकार ० पाठवा, आकार ४०९७ पाठवा. पहिल्या आवृत्तीपेक्षा लहान आकार म्हणजे ई-इनव्हॅल, ही तपासणी तुम्हीच करायची. कॉपी-स्ट्रक्ट-फ्रॉम-युजर ती करत नाही, उरलेलं मुकाट्याने शून्याने भरतं. एका पानापेक्षा मोठ्या आकाराला थेट ई-टू-बिग, हेही त्याच्या आधी स्वतःच बघायचं.

---

खाडीमुख

जुना आयऑक्टल मग काढायचा कधी? मोजमाप आयआयओवर गेलं की जुन्या प्रोग्रॅमला आमचा जुना ड्रायव्हरच मिळणार नाही.

---

कातळकडा

जुना प्रोग्रॅम एकाही धक्क्यावर चालत असेल तोवर काढू नका. कर्नलच्या आतला एपीआय कधीही बदलतो, मेनलाइनबाहेरच्या ड्रायव्हरला ती झळ दर आवृत्तीला बसते. पण युजरस्पेसला दिसणारी बाजू मोडायची नाही हा नियम तुमच्या छोट्या ड्रायव्हरलाही लावा. जुनं कॅरेक्टर डिव्हाइस एक पातळ थर म्हणून ठेवा: आत आयआयओच्या कंझ्युमर एपीआयने चॅनेल वाचायचे आणि जुन्या स्ट्रक्टमध्ये घालून द्यायचे. वापर झाला की लॉगमध्ये एकदाच, प्रोसेसच्या नावासकट, ओळ छापा. म्हणजे कुठल्या धक्क्यावर अजून जुना प्रोग्रॅम आहे ते लॉगवरूनच कळेल. नवा प्रोग्रॅम मात्र आधी आयआयओ शोधेल, नाही सापडलं तर जुन्या डिव्हाइसकडे जाईल. कार्ड बदलायला माणूस नारळी पौर्णिमेनंतर गेला तरी मधल्या काळात काही बंद पडत नाही.

आणि ब्रशच्या दोन फाइलींचं दस्तऐवज आत्ताच लिहा. कर्नलच्या दस्तऐवजात एबीआय नावाचं फोल्डर आहे, त्यात टेस्टिंग, स्टेबल, ऑब्सोलीट, रिमूव्ह्ड असे कप्पे आहेत. तुमच्या फाइलींची जागा टेस्टिंगमध्ये. प्रत्येक नोंदीत व्हॉट, डेट, कर्नल-व्हर्जन, काँटॅक्ट आणि डिस्क्रिप्शन. डिस्क्रिप्शनमध्ये एकक, चालणारी मूल्यं, आणि ब्रश चालू असताना पुन्हा १ लिहिलं तर काय होतं, हे तिन्ही यायला हवं. माझ्या मते शेवटच्याला ई-बिझी द्यावं.